ओटी भरल्यावर

लेक लग्न करून उंबऱ्याबाहेर पडली की ती पाव्हणी, हा माझ्या मायचा कायदा. पाव्हणी आली की तिला खुर्ची द्यायची, गोडाधोडाचं काहीतरी करायचं, कामाला हात लावू द्यायचा न्हाई आणि निघताना ओटी भरल्याशिवाय सोडायचं न्हाई. वर्षातून दोनदा, पंचमीला आणि दिवाळीला, हे सगळं गोड वाटतं हो. पण आठवड्यातून दोनदा?

झालं असं, की पुण्यात बरीच वर्षं काढल्यावर ह्यांच्या बँकेनं ह्यांची बदली जालन्याला केली. हे वैतागले. मी मात्र मनातल्या मनात नाचले, कारण माझं माहेर वाटूरचं. जालन्याहून मंठ्याच्या रस्त्याला लागलं की तासाभरात वाटूर. आम्ही गावातल्या मस्तगड भागात एका बांगड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुण्यातली लॅबमधली नोकरी सोडावी लागली होती, तर महिनाभरात इथं एका लहानशा बियाणं कंपनीत लागले. जालन्यात बियाण्याच्या कंपन्यांना काय तोटा! काम दोन तऱ्हेचं. चार दिवस लॅबमध्ये बसून बियाणं ओल्या कागदात गुंडाळून उगवतंय का, किती उगवतंय ते बघायचं. आणि मंगळवारी नि शुक्रवारी कंपनीच्या जीपमधून वाटूर-मंठ्याकडच्या शेतांवर जायचं. तिथं शेतकरी कंपनीसाठी कपाशीचं बियाणं तयार करतात, त्या प्लॉटमध्ये भेसळीचं झाड आलंय का ते तपासायचं. मुलाखतीत शेठनी विचारलं, फिरती जमेल का? मी म्हणाले, बिलकुल जमेल. फिरतीचा रस्ता कुठून जातो हे मी आधीच विचारून घेतलं होतं.

पहिल्याच मंगळवारी दुपारी जीप घराच्या दारात उभी केली. मायनं मला बघितलं, हातातलं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि लोखंडी खुर्ची घेऊन आली. पदरानं पुसली. "बस."

"माय, मी जेवायला आलेय. अर्ध्या तासात जायचंय. भाकरी आहे का?"

"भाकरी? लेक आली आन भाकरी? थांब, शिरा टाकते."

मी घड्याळ बघत शिरा खाल्ला. ड्रायव्हर चाचांनीही खाल्ला. निघताना ती हळदीकुंकू घेऊन उभी. ओढणी पसरायला लावून तिच्यात गहू, नारळ, सुपारी, वर ब्लाऊजपीस. माझ्या अंगात पंजाबी ड्रेस आणि पायात चिखलाचे बूट. ओढणीत ओटी घेऊन मी कपाशीच्या प्लॉटवर गेले. तिथल्या बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. शुक्रवारी पुन्हा तेच. पुढच्या मंगळवारी पुन्हा. मस्तगडातल्या आमच्या खोलीत नारळांची रास लागली. हे म्हणाले, "आता आपण देवळासमोर दुकान टाकू." मी ह्यांच्यावर उगाच डाफरले. खरं तर मला मायवर डाफरायचं होतं.

माझं दुखणं काय होतं ते सरळच सांगते. लग्न झाल्यापासून मी माझ्या घरी एकही साधा दिवस काढला नव्हता. सणाला जायचं, चार दिवस खुर्चीवर बसायचं, खाऊन खाऊन जड व्हायचं आणि पाचव्या दिवशी ओटी घेऊन निघायचं. पुण्यात गॅसवर पोळ्या लाटताना मला पुरणपोळीची आठवण कधी आली न्हाई. आठवण यायची ती असल्या दिवसाची, की दुपारचे दोन वाजलेत, सण न्हाई, वार न्हाई, माय शेंगा फोडत बसलीय आणि मी जवळ नुसती आडवी पडलेय. कुणी माझ्याकडं लक्ष देत न्हाई. मला कुणी लक्ष न दिलेलं हवं होतं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, लोक म्हणाले असते, बाईला सुख बोचतंय.

म्हणून मी हट्टानं दर मंगळवारी नि शुक्रवारी जातच राहिले. बघू, म्हणलं, कोण आधी दमतंय.

मायच दमली. आधी शिरा गेला. मग गव्हाच्या जागी मूठभर तांदूळ आले, मग नुसता नारळ, मग एका शुक्रवारी ती म्हणाली, "नारळ संपले गं, हळदीकुंकू लावून घे तुझं तू." मला इतकं बरं वाटलं! त्याच्या पुढच्या खेपेला माझी वहिनी, म्हणजे भावाची बायको, परसातून ओरडली, "ताई, दूध ठिवलंय चुलीवर, बघा जरा, उतू जाईल." मी धावत गेले. वहिनीला नंतर लाज वाटली, पाव्हणीला काम सांगितलं म्हणून. मी म्हणलं, "वहिनी, अजून काही असलं तर सांगा. रोज सांगा." ती बिचारी माझ्या तोंडाकडं बघतच राहिली.

आणि एकदा मला चक्क बोलणी बसली. प्लॉटवरून तशीच आले आणि बुटांसकट ओसरीवर चढले. मायनं आतून ओरडून सांगितलं, "आगं ए, डोळे फुटले का? आत्ता सारवलंय मी! कुठं बी थापा बूट, बापाचा वाडाच हाय!" असा आवाज मी लग्नाच्या आधी ऐकला होता, त्यानंतर कधी न्हाई. पाव्हणीला कुणी असं बोलत न्हाई. जीपमध्ये बसल्यावर मी एकटीच हसत होते. चाचांनी आरशातून बघून विचारलं, "क्या हुआ मॅडम?" म्हणलं, "अम्मी ने डांटा." चाचा म्हणाले, "मुबारक हो."

सगळ्यात मोठी गोष्ट बुधवारची. आमच्याकडं माहेरवाशीण बुधवारी निघत न्हाई. 'जाशील बुधी, येशील कधी' असं म्हणतात आणि माय हे देवाच्या वर मानते. एका मंगळवारी संध्याकाळी जीप बंद पडली, चाचा तिच्यासोबत मंठ्याला गॅरेजात राहिले आणि मी वाटूरला राहिले. सकाळी उठून मी तयारी करायला लागले, लॅबमध्ये कागद उलगडायचे होते. आता माय दारात आडवी होणार आणि वाद होणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. तर ती डबा भरत होती.

"माय, आज बुधवार आहे."

"मंग?"

"मी चाललेय ना."

"तू कामाला चाललीस. कामाला जाणारं माणूस रोज जातंय, रोज येतंय. त्याला कसला बुधवार? तुझा भाऊ बुधवारी शेतात जात न्हाई का?"

तिनं हे सहज म्हणलं आणि डब्याचं झाकण दाबून लावलं. मी एसटीत बसल्यावर रडले. शेजारची बाई म्हणाली, माहेर सुटताना रडू येतंच. तिला काय सांगू, की बाई, माहेर सुटलं न्हाई, मिळालंय.

आणि हे सगळं असं जमून आल्यावर हैद्राबादचा फोन आला.

पुण्यात माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी तिथल्या मोठ्या बियाणं कंपनीत होती. तिनं माझं नाव दिलं होतं. त्यांना लॅबची प्रमुख हवी होती. फोनवर बोलणं झालं, मग कॅमेऱ्यावर मुलाखत झाली, आणि आठवडाभरात त्यांनी कळवलं की जागा तुमची, विचार करून पंधरा दिवसांत सांगा. पगार चांगला होता, पण नुसत्या पगाराचं असतं तर मी तोंडावर न्हाई म्हणून मोकळी झाले असते. इथली आमची लॅब म्हणजे एक खोली, एक कूलर आणि वीज गेली की बियाण्यासकट आम्ही घामाघूम. तिथं यंत्रं होती, ज्यांची मी नुसती चित्रं बघितली होती. हाताखाली माणसं होती. बियाणं का उगवत न्हाई ह्याचा छडा लावायचं काम होतं, नुसतं किती उगवलं ते मोजायचं न्हाई. शिकत असल्यापासून मला हेच करायचं होतं. ही नोकरी मला दहा वर्षं आधी मिळाली असती तर मी उड्या मारत गेले असते. आली ती नेमकी आत्ता, जेव्हा मला घरी बोलणी बसायला लागली होती. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, माझ्या बाबतीत दोघांनी मिळून दिलं आणि मला म्हणाले, आता बस निवडत.

हे म्हणाले, "तुझं तू ठरव. आमच्या बँकेची शाखा तिथंही आहे, मी अर्ज टाकीन." हे माणूस असंच. भांडायला उभं राहावं तर समोर भिंतच नसते. शेठना कुणकुण लागली. त्यांनी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, आत्ता तर आलात. हंगाम उभा आहे. राहा ना." चाचा म्हणाले, "रह जाओ मॅडम, वहां की गर्मी खराब है." जणू जालन्यात बर्फ पडतो! घरमालकीण म्हणाली, राहा, इतके चांगले भाडेकरू पुन्हा कुठून आणू? सगळं जालना मला राहा म्हणत होतं. मला ते फक्त एकाच माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

शुक्रवारी वाटूरला गेले. माय ओसरीवर शेंगा फोडत होती. मी शेजारी बसून दोन-चार शेंगा फोडल्या आणि सांगितलं, "माय, मला हैद्राबादहून बोलावणं आलंय. मोठी नोकरी आहे. जाऊ का नको, ते मला कळंना."

तिचा हात थांबला. तिनं विचारलं, "मोठी म्हणजे आत्ताच्यापरीस?"

"लई मोठी."

ती उठली. पदराची टरफलं झटकली. आत गेली आणि खुर्ची घेऊन आली.

"बस वर," ती म्हणाली. "खाली कामून बसलीस?"

मी बसले न्हाई. मला इतका राग आला, की जेवलेही न्हाई, काम आहे म्हणून निघून आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुलून आली होती, आणि मला काही बघावंसं वाटत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी जीप दारात थांबली तेव्हा ओसरीवर चपलांचा ढीग. मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं का! पळत आत गेले. तर गल्लीतल्या सगळ्या बाया नटूनथटून सतरंजीवर बसलेल्या, आतून पुरणाचा वास, मधोमध पाट मांडलेला आणि पाटाभोवती रांगोळी.

"आली गं आली," एक म्हातारी म्हणाली. "ये माय, बस पाटावर."

"कशाचं आहे हे?"

"तुझी ओटी. हैद्राबादला चाललीस ना?"

"मी कुठं चाललेय? मी अजून काहीच ठरवलं न्हाई!"

बाया हसल्या. मी गंमत करतेय असंच त्यांना वाटलं. आमच्या माणसांत चांगली नोकरी आली की ठरवायचं काय असतं? पेढे वाटायचे, नारळ फोडायचा, निघायचं. विचार करून राह्यले असं म्हणणारं माणूस त्यांनी बघितलंच नव्हतं. एकीनं तिच्या पोरालाही तिकडं कुठं चिकटवता येईल का ते विचारून घेतलं. दुसरी म्हणाली, येताना मोत्याचा सर आण, मी पैसे देते. मी वहिनीकडं बघितलं. तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, वाटलं हिनंच गावभर केलं असणार. तिनं मान हलवली आणि डोळ्यांनी मायकडं दाखवलं.

माय नवं लुगडं नेसून ताम्हण घेऊन उभी होती. माझ्याकडं बघत नव्हती. मला हाताला धरून पाटावर बसवलं. आधी तिनं, मग एकेकीनं माझ्या ओढणीत घातलं. गहू, खारीक, हळकुंड, नारळ, वर हिरवं लुगडं. मी पाटावर बसून रागानं ओढणीची टोकं आवळत होते आणि बाया मला जोडीनं सुखी राहा म्हणत होत्या. कुणावर ओरडणार?

आता ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगते. आमच्या घरात एकदा अशी निरोपाची ओटी भरली, की लेक परत टेकत न्हाई. चपला घालायच्या आणि निघायचं. भरल्या ओटीनं मागं फिरणं वाईट, आणि तिला कुणी थांब म्हणणं त्याहून वाईट. म्हणजे मी ठरवायच्या आधीच मायनं मला बाहेर काढलं होतं, पाच-पंचवीस बायांच्या साक्षीनं.

बाया पांगल्यावर मी तिला दारातच धरलं. "माय, कुणी सांगितलं होतं तुला हे? मी तुला विचारायला आल्ते. जाऊ का नको म्हणून विचारलं होतं. तू तर कढईच चढवलीस."

"चांगल्या कामाला उशीर कशाला?"

"मी राहावं असं तुला वाटतं का न्हाई? एवढंच सांग. एकदा राहा म्हण, मी ह्या क्षणाला त्यांना न्हाई म्हणून कळवते."

तिनं माझ्या खांद्यावरची ओढणी नीट केली, नारळ पडत होता तो आत सारला. म्हणाली, "चपला घाल. गाडी थांबलीय."

त्या शुक्रवारी मी वाटूरला थांबले न्हाई. गाव आलं तसं चाचांनी सवयीनं गाडी हळू केली. "मॅडम, मायके?" मी म्हणाले, "सीधा मंठा." मंठ्याला बाजारातल्या हॉटेलात मिसळ मागवली आणि दोन घास खाऊन सोडून दिली. परत येतानाही गाव तसंच गेलं. मला ठासून दाखवायचं होतं तिला, की बघ, तूच घालवलंस. आणि घराकडं जाणारी वाट मागं पडली तेव्हा माझाच जीव तुटला. मान वळवून बघितलं, पण तिथून घर दिसत न्हाई.

रविवारी सकाळी दार वाजलं. उघडलं तर माय. हातात पिशवी, कपाळावर घाम, जिना चढून लागलेली धाप.

ती आमच्या घरी कधी आली नव्हती. पुण्याला तर न्हाईच, मस्तगडालाही न्हाई. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं न्हाई, हा तिचा आणखी एक कायदा, आणि आम्ही तर दोघंच. हे चटकन उठले, मायच्या पाया पडले, आणि म्हणाले, जरा भाजी घेऊन येतो. भाजी आदल्या दिवशीच आणली होती. माझा नवरा इतका शहाणा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मी गडबडले. पलंगावरची चादर ओढून सरळ केली, पंखा लावला, खुर्ची तिच्यापुढं सरकवली, कपाटातली चांगली कपबशी काढली, ठेवली, पुन्हा काढली. ती पाणीसुद्धा घेणार न्हाई हे ठाऊक असून मी कपबशी धुवायला लागले. माय बघत होती. शेवटी ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि फडकं सोडलं. ज्वारीच्या दोन भाकरी, ठेचा, शेंगाची चटणी.

"बस खाली," ती म्हणाली. "शुक्रवारी जेवली न्हाईस ना?"

"तुला काय ठाऊक?"

"गाडी गेली ना तुझी पुढं. आवाज वळखते मी तुझ्या गाडीचा. जाताना गेली, येताना बी गेली."

मी बसले. तिनं भाकरी मोडून निम्मी माझ्या हातात ठेवली. माझ्याच घरात मी माहेरचं जेवले. खाली दुकानात बायका बांगड्यांचा भाव करत होत्या, ते सगळं वर ऐकू येत होतं.

मग तीच म्हणाली, "मंगळवार आला की सकाळपासून माझा कान रस्त्याला. दुसऱ्याच्या जीपला बी उठून बघते. तुझी वहिनी हासती मला. आधी बरं होतं, पंचमीला येणार म्हणून ठाव, दिवाळीला येणार म्हणून ठाव. आता रोजच येशील असं वाटाया लागलंय."

"मंग म्हण ना राहा! मी तेच विचारून राह्यले तुला!" माझा आवाज चढला. "सगळी दुनिया राहा म्हणती, तुलाच काय झालं?"

"म्हणणारच होते," माय म्हणाली. "तू सांगितलंस ना शेंगा फोडताना, तवाच तोंडावर आल्तं. गिळलं. तू गेल्यावर बी तेच. भाकरी थापताना तेच, देवापुढं तेच. म्हणलं, ही मंगळवारी आली की आपल्या तोंडून निघणार. धीर धरवंना. म्हणून नारळ आणाया गेले."

"म्हणजे?" मी विचारलं.

"ओटी भरली की राहा म्हणता येत न्हाई मला. आता कळलं का? तुला घालवायला न्हाई भरली. मीच माझं तोंड बांधून घेतलं."

मी हातातला घास तसाच धरून बसले होते. ती बोलतच राहिली, खाली बघत, ठेच्यात बोट फिरवत. "मी राहा म्हणले असते तर तू राहिली असतीस. तू अशीच हायेस, मला काय ठाव न्हाई? आन मी किती दिवस पुरणार तुला? माझ्यामागं ते घर वहिनीचं. चांगली हाय ती, काही वाईट न्हाई. पण तिच्या दारात तू दर मंगळवारी भाकरी मागाया जाशील का? सांग बरं."

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडले, लहानपणी रडायचे तशी, नाक गळेपर्यंत. तिनं ठेच्याचा हात बाजूला धरला, डोळ्यात जाईल म्हणून, आणि दुसऱ्या हातानं माझे केस मागं सारले. तीही रडली. मी म्हणलं, "आता तरी म्हण. हितं कोण ऐकतंय?" ती रडता रडता हसली. "आगं येडे, भरल्या ओटीला कसं म्हणू?"

दुपारच्या एसटीनं ती गेली. मी स्टँडवर पोचवायला गेले. खिडकीत बसून तिनं मला हात केला न्हाई, कंडक्टरकडं बघत तिकिटाचे पैसे काढत राहिली. सोमवारी मी हैद्राबादला फोन करून येते म्हणून सांगितलं.

आता तिथंच असते. हे सहा महिन्यांनी आले, पण मी आधी एकटीच गेले. लॅब जशी मनात होती त्याहून चांगली निघाली. मी खोटं बोलणार न्हाई, कामात मी सुखी आहे. सकाळी पांढरा कोट चढवला की मला कशाची आठवण येत न्हाई. पण मंगळवारी दुपारी जी भूक लागते ती कँटीनच्या ताटानं भागत न्हाई, हेही तेवढंच खरं. चाचांनी मध्ये फोन केला होता. म्हणाले, वाटूर आलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

पहिल्या दिवाळीला घरी गेले. चार दिवस. मायनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, वहिनीनं नवी चादर अंथरली. करंज्या, अनारसे, सगळं होतं. सारवलेल्या ओसरीवर मी मुद्दाम चपलांसकट चढले. मायनं बघितलं आणि म्हणाली, "असू दे, असू दे, पुसता येतंय." शेवटच्या दिवशी जेवण झाल्यावर मी माझं ताट उचलायला लागले तर वहिनी पटकन पुढं आली. "राहू द्या ताई, तुम्ही कशाला? चार दिवसांसाठी तर आलात."

तिचा हात ताटाच्या एका काठाला, माझा दुसऱ्या. तेवढ्यात माय चुलीपुढून म्हणाली, "भात घेतीस का गं अजून थोडा?"

पोट गच्च भरलं होतं. बाहेर गाडी येऊन थांबली होती, ओटी मात्र अजून भरायची होती. मी ताट परत खाली ठेवलं आणि म्हणाले, "वाढ."